भिंतीतलं निळं पाणी

घरात मशीन बसवायला आलेल्या प्रीतम कटरेच्या थैल्यात मीराबाईंनी पहिल्याच दिवशी हात घातला. तो शिडीवर उभा होता, दोन्ही हात छताला, तोंडात स्क्रू. थैला खाली भिंतीशी टेकवलेला. मीराबाईंनी चेन उघडली, पाने, पक्कड, टेप, मळका रुमाल असं एकेक काढून फरशीवर मांडलं, उलटसुलट करून पाहिलं आणि होतं तसं परत भरून ठेवलं.

प्रीतमनं तोंडातले स्क्रू काढले. "काकू, काही पाहिजे होतं का?"

"काही नाही. पाह्यलं फक्त. जाताना अजून पाहीन."

त्यात लपवाछपवी नव्हती की लाजही नव्हती. प्रीतम छताकडे तोंड करून काम करत राहिला.

ही बाई अशी का, हे समजायचं तर कळमेश्वरला जावं लागेल. तिथल्या औद्योगिक वसाहतीत पितळेच्या तोट्या बनवणारा एक कारखाना होता. पॉलिश आणि पॅकिंगच्या कामाला सगळ्या बायाच. सुटी झाली की त्या एकेक करून फाटकातून बाहेर पडत आणि फाटकाशी मीराबाई खोब्रागडे उभ्या असत, झडती घ्यायला. कोणी डब्यात भाजीखाली तोटी दडवी, कोणी अंबाड्यात. मीराबाई हात फारसा लावत नसत. त्या मान पाहत. काही लपवलेलं असेल तर फाटकाशी येताच बाईची मान ताठ होते, डोक्यावर भरली घागर असावी तशी. ती मान दिसली की मीराबाई म्हणत, "थांब वं." त्यांचा अंदाज क्वचितच चुकला. पण कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा बहुतेक वेळा रिकामीच राहिली. कोणाच्या घरी बारसं झालं, तर पेढ्यांचा डबा त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर रिकामा झालेला असे.

वय झालं, फाटक सुटलं, नजर मात्र सुटली नाही. गॅसच्या सिलिंडरचं सील, दुधाचा पातळपणा, मीटरचा फोटो काढून नेणारा माणूस, मोबाईलवर आलेला प्रत्येक अनोळखी नंबर, साऱ्यांची झडती होई. नवरा लहानूजी नेमके उलटे. दारात आलेल्या माणसाला 'बसा' म्हणायचं आणि पाणी द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. उभं आयुष्य त्यांनी एका जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काढलं होतं, आणि आता ती धूळ छातीतून व्याज वसूल करत होती. चार पायऱ्या चढल्या की ते कठडा धरून उभे राहत आणि कोणी पाहिलं तर आभाळाकडे बघितल्यासारखं करत.

डॉक्टरांनी सांगितलं की यांना ओल चालणार नाही आणि धूरही चालणार नाही. नागपुरात हे सांगणं सोपं, पाळणं कठीण. उन्हाळाभर घरात कूलर घरघरतो, त्याच्या ओल्या गवताचा दमटपणा गाद्यांपर्यंत जातो. हिवाळ्यात थंडी हाडात शिरली की मीराबाई दार लोटून शेगडी पेटवायच्या. दोन्हींनी लहानूजींचा खोकला वाढायचा.

पुण्यात नोकरीला असलेल्या संघपालनं, त्यांच्या मुलानं, एक दिवस फोन केला.

"आई, मी मशीन बुक केली. हीट पंप म्हणतात त्याला. उन्हाळ्यात थंड हवा, हिवाळ्यात गरम. मशीन छतात बसते, पत्र्याच्या नळ्यांतून हवा दोन्ही खोल्यांत येते. कूलर नको, शेगडी नको."

"एकाच तोंडानं थंड न् गरम?" मीराबाई म्हणाल्या. "अशी माणसं मी बहोत पाह्यली."

"आई, बाबांसाठी करतोय."

"ते समजलं. पण आताच काहून?"

फोन ठेवल्यावर त्या लहानूजींकडे वळल्या. "पोट्टा घर सजवून राहिला. माणूस घर कधी सजवते माहीत आहे का? विकाच्या आधी."

"अवं, आपलंच लेकरू आहे."

"फाटकातून जात होत्या त्या भी कोणाची ना कोणाची लेकरंच होत्या."

मानेवाड्याच्या पुढच्या एका ले-आउटमधलं त्यांचं घर म्हणजे रांगेतलं जोडघर. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला सिंधूताई पराते यांचं घर, आणि दोन घरांमधली भिंत एकच. एप्रिलच्या सुरुवातीला प्रीतम आपल्या एका जोडीदाराला घेऊन आला. दोन खोल्यांमधल्या बोळवजा जागेत, छताला चार सळयांवर त्यांनी यंत्र टांगलं. त्यापासून पत्र्याची एक चौकोनी नळी हॉलकडे गेली, एक झोपायच्या खोलीकडे. 'डक्ट' म्हणायचे ते. डक्टवर काळ्या फोमचं अस्तर, आणि ते सगळं झाकायला खाली पीओपीचं पांढरं छत. बाहेरचं यंत्र मागच्या भिंतीला ब्रॅकेटवर, आणि आतल्या-बाहेरच्या यंत्रांना जोडणारे तांब्याचे पाईप.

मीराबाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन शिडीच्या पायथ्याशीच बसल्या. जेवायलाही तिथंच.

दुसऱ्या दिवशी प्रीतमनं मधल्या भिंतीत खाच मारायला घेतली तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. "भिंत काहून फोडून राहिला गा?"

"पाण्याचा पाईप जाईल, काकू. मशीनखाली ट्रे आहे, त्यातलं पाणी मागच्या मोरीत सोडाचं."

"मशीनले नळ जोडलाच नाही. पाणी येईल कुठून?"

"हवेतून. थंड गिलासाले बाहेरून पाणी सुटते ना, तसंच."

"गिलासाचं पाणी ते केवढं! त्याच्यासाठी भिंत फोडाची?"

"आता कमीच निघंल. हवा कोरडी आहे. पावसाळ्यात बादल्या भरतील, तेव्हा पाहजा." प्रीतमनं हातानं उतार करून दाखवला. "स्लोप पाहिजे पाईपले. पाणी आपसूक उतरलं पाहिजे, नाहीतर मागं येऊन छतातून गळते."

मीराबाईंना यातलं अर्धंच पटलं. हवेतून बादल्या भरतात असं सांगणाऱ्या माणसाचा थैला जास्तच नीट पाहायला हवा, असं मात्र पक्कं वाटलं.

त्याच दुपारची गोष्ट. प्रीतम शिडीवर, भिंतीतल्या खाचेत पाईपचा वळणाचा तुकडा बसवत होता. बाजूला चिकटवायच्या सोल्युशनची डबी उघडून ठेवलेली. मीराबाईंची नजर फरशीवर फिरली आणि थांबली. मघाशी कापलेला तांब्याच्या पाईपचा तुकडा तिथं नव्हता.

"ओ भाऊ, खाली ये."

"एवढं जोडून येतो, काकू."

"आत्ता ये. तांब्याचा तुकडा कुठं गेला?"

"कचऱ्यात असंल."

"कचरा पाह्यला म्या. थैला दाखव."

प्रीतम खाली उतरला. त्यानं स्वतःच थैला उलटा केला. पाने, पक्कड, डबा, औषधाची एक पट्टी. त्याच्या जोडीदारानंही खिसे बाहेर काढले. मीराबाई दोघांच्या मानेकडे पाहत होत्या. माना सरळ होत्या, पण ताठ होत्या की नुसत्या रागावलेल्या, हे त्यांना ठरवता येईना.

तेवढ्यात ओसरीवरून लहानूजींचा आवाज आला. "अवं, काय चकाकते पाह्य हे! सोन्यासारखं!" तुकडा त्यांच्या हातात होता. ते तो उन्हात धरून, एक डोळा मिटून त्याच्यातून रस्त्याकडे पाहत होते.

प्रीतम हसला नाही. सामान थैल्यात भरून तो शिडी चढला, पाईप खाचेत बसवला, त्याच्या जोडीदारानं सिमेंट भरलं. मीराबाईंना ओशाळल्यासारखं काही वाटलं नाही. तुकडा सापडला, म्हणजे विचारलं ते बरोबरच होतं, एवढाच त्यांचा हिशोब.

संध्याकाळी प्रीतमनं ट्रेमध्ये मगभर पाणी ओतून दाखवलं. ते मागच्या मोरीशी पाईपातून नीट बाहेर आलं. जाताना त्यानं दारातच थैल्याची चेन उघडली आणि न सांगता त्यांच्यापुढे धरली. मीराबाईंनी पाहिलं.

उन्हाळा त्या वर्षीही नागपुराला साजेसाच तापला. पण घरातली हवा कोरडी आणि थंड राहिली. लहानूजींचा दुपारचा खोकला कमी झाला. त्यांना शांत झोप लागू लागली, तेव्हा मीराबाई मुद्दाम त्यांच्या छातीवर तळहात ठेवून पाहत, हे खरंच झोपलेत की पोराच्या मशीनला यश द्यायला सोंग घेतलंय. कूलर त्यांनी भंगारात जाऊ दिला नव्हता. ताडपत्री घालून गच्चीवर ठेवून दिला होता. काय सांगावं.

पाऊस लागून हवा दमट झाली आणि शेजारून तक्रार आली. सिंधूताई पराते गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल-पिको करून देत. एकटी बाई, मितभाषी. वर्षानुवर्षं शेजार असूनही दोघींचं बोलणं 'पाणी आलं का' याच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्या दिवशी त्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मीराबाई, तुमच्या मशीनचं पाणी माझ्या सैपाकखोलीत येऊन राहिलं. भिंत फुगली. कणकीच्या डब्याखाली बुरशी आली."

"आमचं पाणी आमच्या मोरीत पडते. तुमची वरची टाकी पाहा."

"टाकी पाह्यली. कोरडी आहे खालून."

"तुमीच पाह्यली न् तुमीच सांगून राहिल्या. दुसऱ्या कोणी पाह्यली का?"

सिंधूताईंचा चेहरा बदलला. "मी खोटं बोलून राहिली का?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुमी तसंच पाहता, मीराबाई. सगळ्यायकडं." आणि त्या निघून गेल्या.

मीराबाई घरात आल्या आणि विचार करत बसल्या. बाईला भिंत सारवून घ्यायची आहे आणि निमित्त आमचं हवं आहे, असा एक तर्क. थंड हवा पाहून पोटात दुखतं आहे, असा दुसरा. पण एक गोष्ट त्यांनाही खटकत होती. मागच्या पाईपखाली त्यांनी कढीपत्त्याला घालायला बादली ठेवली होती. बादल्या भरतील असं प्रीतम म्हणाला होता, आणि भर पावसाळ्यात दिवस गेला तरी तळ जेमतेम झाकला जाई. पाणी होतं तर जात कुठं होतं?

मधल्या अंगणाची भिंत कमरेइतकीच. सिंधूताई हात घालून बादली उपसत असतील तर? मीराबाईंनी मोरीच्या खिडकीला पडदा लावला आणि दुपारभर पडद्याआड उभ्या राहिल्या. सिंधूताईंच्या शिलाई मशीनचा आवाज ऐकू येत होता, थांबत होता, परत सुरू होत होता. अंगणात एक मांजर आलं, बादलीत डोकावलं आणि निघून गेलं. दुसऱ्या दिवशी पाय सुजले. लहानूजी म्हणाले, "अवं, पाण्याची चोरी कोण करंल? आभाळातून पडून राहिलं."

मग मीराबाईंना नीळ आठवली. विहारात बुद्धवंदनेला जायच्या पांढऱ्या साड्यांसाठी घरात नीळ असायचीच. पाण्याला रंग दिला, तर पाणी आपला रस्ता आपणच सांगेल. सिंधूताईंना हाताला धरून आणू, मोरीत पडणारं निळं पाणी दाखवू आणि म्हणू, पाहा, हे आमचं. आता तुमचं कुठलं ते शोधा.

त्यांनी स्टूल लावलं. पीओपीच्या छतात यंत्राखाली एक झाकण ठेवलेलं होतं, ते सरकवलं. लहानूजींनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. "पडशील वं."

"तुमी धरून राहा. बोलू नका, दम लागंल."

वाटीभर गडद नीळ ट्रेमध्ये गेली. मशीन चालूच होती. मीराबाई मागच्या अंगणात जाऊन पाईपच्या तोंडाशी उकिडव्या बसल्या. बराच वेळ साधंच पाणी थेंब थेंब पडलं. मग एक थेंब फिकट निळा. मग आणखी एक. मीराबाईंच्या चेहऱ्यावर फाटकावरचं जुनं तेज आलं. पदर खोचून त्या सिंधूताईंच्या दारात गेल्या.

"चला, दाखवतो तुमाले. माझं पाणी कुठं जाते ते."

"बसा आधी," सिंधूताई कोरडेपणानं म्हणाल्या. "दारात आलेल्याले चहा दिल्याशिवाय मी भांडत नाही." त्यांनी गॅस पेटवला आणि पाठ करून आधण ठेवलं.

मीराबाई सैपाकखोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. समोर तीच मधली भिंत. फळीच्या वर पोपडे सुटलेले, रंग फुगून सालीसारखा उचललेला. आणि त्या फुगवट्याच्या खालून, केसाएवढी बारीक, एक निळी रेघ भिंतीवरून उतरत होती. अजून ओली. फळीवरच्या तिखटाच्या डब्यामागे जाऊन दिसेनाशी होत होती.

सिंधूताई चहात आलं किसत होत्या. त्यांची पाठ अजून इकडे होती.

मीराबाईंच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की यांनी अजून पाहिलेलं नाही. पदराचं टोक भिजवून पुसलं तर एका हाताचं काम. नीळ संपली की पाणी पुन्हा साधंच येईल, आणि साध्या पाण्याला कोणाचं नाव नसतं. त्या अर्धं पाऊल पुढेही झाल्या. तेवढ्यात सिंधूताई वळल्या, आणि मीराबाईंना कळलं की आपली मान ताठ झाली आहे. मागून खालपर्यंत, लाकडासारखी. असंख्य बायांच्या माना त्यांनी पाहिल्या होत्या. आतून ती कशी जाणवते हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

"काय झालं? तोंड काहून उतरलं?" सिंधूताईंनी विचारलं.

"सिंधूताई," मीराबाई म्हणाल्या, "पाणी आमचं आहे."

सिंधूताईंनी त्यांच्या नजरेच्या रोखानं भिंतीकडे पाहिलं. "हे निळं काय?"

"नीळ. म्याच टाकली. तुमाले खोटं पाडाले."

सिंधूताई रेघेकडून मीराबाईंकडे वळल्या. त्यांचे डोळे बारीक झाले. "मग आता कबूल काहून करून राहिल्या? तुमाले काय पाहिजे?"

"काही नाही."

"नाही, काहीतरी असंल. तुमी उगाच कबूल करणाऱ्या बाई नाही."

एवढं ऐकूनही मीराबाईंना राग आला नाही. असल्या शंकेला उत्तर नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? "चहा उतू जाऊन राहिला," त्या म्हणाल्या. दोघींनी चहा उभ्यानंच घेतला.

दुसऱ्या दिवशी प्रीतम आला तेव्हा मीराबाईंनी त्याच्यासाठी शब्द तयार ठेवले होते. सिंधूताईही येऊन बसल्या होत्या. लहानूजी नेहमीप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन. प्रीतमनं छिन्नीनं मधल्या भिंतीतलं सिमेंट काढलं, वळणाच्या तुकड्यापर्यंत पोहोचला आणि पाईप हलकेच ओढला. पाईप सहज निघून हातात आला. टोक ओलं, पण गुळगुळीत. त्याला सोल्युशन लागलेलंच नव्हतं.

"वा!" मीराबाई म्हणाल्या. "चिकटवलंच नाही. वर सिमेंट मारून मोकळा झाला. मी म्हणतच होती."

प्रीतम पाईपचं टोक बोटानं चाचपत राहिला. मग म्हणाला, "काकू, तुमाले आठवते का? हाच जोड लावून राहिलो होतो तेव्हा तुमी मले खाली बोलावलं. तांब्यासाठी."

"म्हणजे चूक माझी?"

"नाही. चूक माझीच. वर गेल्यावर परत पाह्यलं पाहिजे होतं. पण डोकं गरम झालं होतं. डबीत ब्रश तसाच राहिला, मी पाईप बसवला न् खाली उतरलो. मगभर पाण्यानं समजलं नाही. पावसाळ्यात मशीनचं पाणी वाढलं तेव्हा जोड सुटला."

मीराबाईंनी सवयीनं त्याच्या मानेकडे पाहिलं. तो खाली वाकून पाईप पाहत होता. मानेवर घाम, सिमेंटची धूळ. तिथं लपवलेलं काही नव्हतं. तरी त्या म्हणाल्या असत्या काहीतरी, पण लहानूजी तांब्या खाली ठेवून म्हणाले, "बराबर सांगून राहिला तो. आन् तुकडा तं माझ्या हातात होता. मी आधीच बोललो असतो तं हे झालंच नसतं."

म्हणजे तिघांचंही थोडं थोडं.  सिंधूताई उठून आपल्या घरी गेल्या आणि थोड्या वेळानं सगळ्यांसाठी पोह्यांची ताटली घेऊन आल्या.

प्रीतमनं काम नव्यानं केलं. पाईपचा उतार वाढवला, त्यावरही फोमचं अस्तर चढवलं म्हणजे भिंतीत बाहेरून ओल धरणार नाही, आणि शेवटी मोरीशी पाईपला वळसा दिला म्हणजे गटाराचा वास वर येणार नाही. तो सोल्युशनची डबी उघडत होता तेव्हा मीराबाई उठल्या. खुर्ची उचलली. ती घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या आणि शिडीकडे पाठ करून बसल्या. हे त्यांना सोपं नव्हतं. कानावर प्रत्येक आवाज येत होता. काही पडलं की मान वळायला बघे. त्यांनी घासलेली भांडी परत घासायला काढली. कढईचं काळं त्या दिवशी निघालं ते कित्येक वर्षांत निघालं नव्हतं.

"काकू, झालं," प्रीतमनं हाक मारली. "सिमेंट भरू का आधी पाहता?"

"तू पाह्यलं ना?"

"पाह्यलं."

"मग भर."

तो गेला. मीराबाईंनी त्याच्या थैल्याकडे पाहिलं नाही. पण प्रीतमची पाठ वळताच त्यांनी वाटीत नीळ कालवली, हे सांगितलंच पाहिजे. जन्माची सवय एका दुपारीत जात नसते. यावेळी स्टूल सिंधूताईंनी धरलं. नीळ ओतून दोघी पलीकडच्या सैपाकखोलीत गेल्या आणि भिंतीसमोर पाटावर बसल्या, मालिका पाहायला बसावं तशा.  भिंतीवर जुनी निळी रेघ वाळून फिकी झाली होती. नवी आली नाही. अंगणातून लहानूजींची हाक आली, "इकडं आलं वं! निळंशार येऊन राहिलं!"

सिंधूताईंनी सुस्कारा सोडला. "तुमी त्या कारखान्यात काय करत होत्या?"

"झडती घेत होती."

"मले वाटलंच होतं," सिंधूताई म्हणाल्या. "माझी बहीण म्हणे, ती बाई पोलीस असंल."

मीराबाई हसल्या. त्या घरात त्यांचं हसणं पहिल्यांदाच ऐकू आलं.

ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाला संघपाल आला. दीक्षाभूमीवरच्या गर्दीतून तिघं दमून परतली. दुसऱ्या दिवशी दुपारी, थंड हॉलमध्ये चहा घेताना, मीराबाईंनी त्याला सरळ विचारलं.

"घर विकाचं होतं का तुले?"

संघपालनं कप खाली ठेवला. बापाकडे पाहिलं. बाप छताकडे पाहू लागला.

"हो," तो म्हणाला. "मागच्या वर्षी एका एजंटशी बोललो होतो. बाबांचा श्वास इथं टिकत नाही असं वाटलं. तुम्हा दोघांना पुण्याला न्यायचं होतं. बाबांनी नाही म्हटलं. मग ही मशीन सुचली."

मीराबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मले काहून नाही सांगतलं?"

लहानूजी हळूच म्हणाले, "तू पोराची झडती घेतली असती. न् त्यानं मग येणंच सोडलं असतं."

 मीराबाईंचा अंदाज बरोबर निघाला होता, आणि तरी हातात काही सापडलं नव्हतं. पोरगं समोर बसलं होतं, केसांत पांढरं दिसू लागलेलं, शाळेत असताना बसे तसं मांडीखाली हात घालून. त्यांनी त्याच्यापुढे बिस्किटांची ताटली सरकवली. "खा. वाळला किती."

जाताना संघपालनं विचारलं, गच्चीवरचा कूलर आता देऊन टाकू का? मीराबाई म्हणाल्या, "राहू दे. मशीनच आहे, कधी बंद पडंल काय सांगावं." तेवढी शंका त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतली.

डिसेंबरात थंडी उतरली. सकाळी अंगणात तोंडातून वाफ निघू लागली. मीराबाईंनी रिमोटवर प्रीतमनं शिकवलेलं बटण दाबलं, आणि उन्हाळाभर जिथून गार वारा आला त्याच जाळीतून ऊब उतरू लागली. ना धूर, ना ओल. त्या जाळीखाली बराच वेळ हात धरून उभ्या राहिल्या.

थंडीत सिंधूताईंची बोटं आखडतात, सुई धरवत नाही. त्या दुपारी साड्यांचं गाठोडं घेऊन इकडे येऊ लागल्या. हॉलच्या जाळीखाली चटई टाकून दोघी बसत. सिंधूताई फॉल लावत, मीराबाई धागे कापत. सिंधूताई गांधीबागेतल्या दुकानदारांचे किस्से सांगत, आणि मीराबाई ज्या किश्श्यावर विश्वास बसला नाही तो दुसऱ्यांदा सांगायला लावत.

अशाच एका दुपारी लहानूजी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. सिंधूताई काही सांगत होत्या, मध्येच थांबल्या. मीराबाईंचीही कात्री थांबली. दोघी ऐकत राहिल्या. श्वास येत होता, जात होता, कुठे अडकत नव्हता. मग सिंधूताईंनी सुईत नवा दोरा ओवला आणि हलक्या आवाजात राहिलेली गोष्ट पुढे सांगायला घेतली.